वरची ओळ कुणाची

उज्जैनला रामघाटाच्या पायऱ्या चढताना माझे यजमान पडले. सातवी फेरी होती. अंगावर ओलं धोतर, तोंडाने मोजणं चालू. "सात" म्हणाले, खाली बसले आणि बसल्या जागी कुशीवर कलंडले. मी दोन पायऱ्या खाली पिळलेले कपडे घेऊन उभी होते. ओठ निळे पडलेले मला तिथून दिसले.

एक पंडा, घाटावरचा भटजी, छत्रीखालून उठून धावत आला. त्याच्या हातात लोटा होता.

"माई, मुँह खोलो इनका. शिप्राजी का जल डाल दो, देर मत करो."

"हटो! अभी मरे नहीं हैं," डॉक्टर वरून ओरडले आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच बघायला आले होते, वरच्या कट्ट्यावर हातात घड्याळ घेऊन उभे होते. या पायऱ्या रोज चढा, असं यजमानांना सांगणारे तेच.

त्यांनी मनगट धरलं. बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, ठोके गळतायत. असं कसं होईल? तुमच्या यांची नोंद तर चांगली होती."

"कुठली नोंद?"

"गेल्या महिन्यातली. वरची ओळ."

"त्या दिवशी वरची ओळ आमची नव्हती," मी म्हणाले.

डॉक्टरांच्या तोंडावरचा रंग उडाला. माझ्याही उडाला असेल. कारण वरची ओळ ज्यांची होती, ते आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी साडेचार आठवडे अंथरुणावर पडून होते. माझ्या यजमानांचं दुखणं त्यांच्या नावावर लागलं होतं.

हे कसं झालं ते सांगते. ज्याच्यापासून लपवायचं असं आता कुणी उरलेलं नाही.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश व्हायचा होता, त्या वर्षातली गोष्ट. माधव नगरात आम्ही एका चाळवजा घरात राहत होतो. यजमान सरकारी कचेरीत कारकून. शेजारचेही त्याच कचेरीत, त्याच हुद्द्यावर. कचेरी भोपाळला जाणार, कोण जाणार आणि कोण इथे राहणार याची यादी निघणार, एवढीच चर्चा दोघांत असायची. सकाळी जेवून दोघं बरोबर निघत, दिवसभर खुर्चीत बसत, संध्याकाळी फ्रीगंजात पान खाऊन बरोबर परत येत. दोघांचीही पोटं सुटलेली होती. शेजारच्यांचं जरा जास्त.

समोरच्या घरात एक तरुण डॉक्टर भाड्याने राहायला आला, घाटावर धावत आला तो हाच. मराठी, एकटा, मोठ्या दवाखान्यात नोकरीला. त्याच्या डोक्यात एकच विचार होता. बसून काम करणाऱ्याचं शरीर आणि कष्टाचं काम करणाऱ्याचं शरीर, यांत फरक काय पडतो? दवाखान्यात हृदयाचे रोगी येत ते बहुतेक बैठ्या कामाचे, हमाल कमी, असं त्याला वाटत होतं. पण वाटून उपयोग नाही, मोजायला हवं, असं तो म्हणे. तालमीतले पहिलवान त्याने मोजले. टांगेवाले मोजले, पोस्टमन मोजले. मोजायचं म्हणजे काय, तर आधी माणसाला बसवून नाडी घ्यायची. मग देवदारी खोक्यावर ठराविक वेळ चढ-उतार करायला लावायची, लगेच पुन्हा नाडी घ्यायची, आणि ती पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघायचं. ज्याची नाडी लवकर शांत होते ते शरीर चांगलं.

मग त्याला बायका मोजायच्या होत्या. पण परक्या पुरुषाच्या हातात मनगट कोण देणार? तेव्हा त्याने मला धरलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, आकडे चांगले काढत होते. त्याने मला नाडी कुठे सापडते ते दाखवलं, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ दिलं आणि एक वही दिली. ठोका मध्येच गळला तर आकड्यापुढे फुली मारायची, हेही शिकवलं. खोका आमच्या ओसरीवर आला.

सासूबाई म्हणाल्या, "दिवसभर पाणी ओढून कमी होतं का, म्हणून आता खोक्यावर चढायचं?"

पण बायका आल्या. काष्टा सावरून खोक्यावर चढताना एकमेकींना हसायच्या. "अगं, हळू, खोका मोडेल." "मोडला तर तुझ्या वजनाने मोडेल, माझ्या नाही." मी मात्र हसत नव्हते. हसलं की मोजणं चुकतं. पाणी भरणाऱ्या, दळण दळणाऱ्या बायकांची नाडी खोक्यावरून उतरल्यावर बघता बघता शांत व्हायची. डॉक्टर वही बघून म्हणाला, "वहिनी, तुम्ही सगळ्या तालमीतल्याच आहात." सासूबाईंनी आतून सांगितलं, "मग खुराक पण तालमीतला पाठवा म्हणावं."

त्यानंतर डॉक्टरला कारकून हवे होते. ते कचेरीला जाण्याआधी घरीच सापडत, आणि त्या वेळी डॉक्टर दवाखान्यात असायचा. म्हणून ठरलं की ज्याच्या त्याच्या बायकोने नाडी मोजायची. शेजारणीला मी शिकवलं. तिला मोजता येत होतं, लिहिता येत नव्हतं. दर आठवड्याला ती आकडे पाठ करून माझ्याकडे यायची आणि मी लिहायची.

वहीत पहिला रकाना नावाचा होता. तिथेच घोटाळा झाला.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमची रीत. मंगळागौरीत उखाण्यात घेऊ तेवढंच. लिहायचं तर त्याहून नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. शेजारीण म्हणायची, "लिहा, आमच्या यांचे." मला तिच्या नवऱ्याचं नाव माहीत होतं. ते मी लिहू शकले असते. पण स्वतःच्या नवऱ्याची जागा कोरी ठेवून परक्या पुरुषाचं नाव आपल्या हाताने काढायचं, हे मला बरं दिसेना. म्हणून दोन्ही जागा कोऱ्या राहिल्या.

डॉक्टर हसला. "चालेल. वरची ओळ तुमची, खालची शेजारची. मी दवाखान्यात उतरवून घेताना नावं घालीन."

पाच-सहा आठवडे हे बरोबर चाललं. मी सकाळी उठून आधी आमच्या यांची नाडी घ्यायची, वर लिहायची. मग शेजारीण यायची, तिचं खाली.

त्या आठवड्यात मी बाहेरची झाले. तीन दिवस कोपऱ्यात, घोंगडीवर. यजमानांना शिवायचं नाही, मग मनगट कसं धरणार? शेजारीण मात्र आपली वेळेवर आली, लांब उभी राहिली आणि आकडे म्हणून दाखवले. वही शिवायला हरकत नव्हती. ती दवाखान्यातून आलेली, म्हणून सासूबाईंच्या लेखी ती आधीच विटाळलेली होती. मी आकडे लिहिले. वर एक ओळ मोकळी सोडून खाली लिहायला हवं होतं. तेवढं सुचलं नाही. सवयीने पहिल्या रिकाम्या ओळीत लिहिले.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी यजमानांची नाडी घेतली आणि त्या ओळीच्या खाली लिहिली. खोक्यावरून उतरल्यावर त्यांचा ठोका गळत होता. मी पुन्हा मोजलं. पुन्हा गळला. मी फुल्या मारल्या. त्या किती होत्या ते मला अजून आठवतं, पण ते इथे लिहून काय करायचं आहे?

डॉक्टर वही न्यायला आला तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी वही दिली. ओळी उलट झाल्यात, हे सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मला आठवलंच नाही. माझ्या डोक्यात फुल्या होत्या, ओळी नव्हत्या.

दोन दिवसांनी डॉक्टर मला नळावर भेटला. म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे सगळं छान आहे. फक्त बसणं फार होतंय. यांना घाटाच्या पायऱ्या चढायला पाठवा. दोन फेऱ्यांपासून सुरू करायचं."

"आणि त्या फुल्या?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मला वाटलं, फुल्यांना एवढा अर्थ नसावा. शिकलेला माणूस छान म्हणतोय, तर छान. खरं सांगायचं तर मला हेच ऐकायचं होतं.

त्याच दिवशी शेजारच्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. वही तिकडेच राहिली आणि आमची आठवड्याची मोजणी थांबली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. ठोका गळला नाही. पण ते म्हणाले, असं येतं-जातं, वहीत लिहिलंय म्हणजे आहे. सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही. कुशीवर वळायचं तरी दुसऱ्याने वळवायचं. तेव्हा हृदयावर औषध म्हणजे पडून राहणं हेच होतं. वहीवरून ठरलं हे मला नंतर कळलं; तेव्हा वाटलं, नळीतून काही ऐकू आलं असेल. माझ्या वहीतलं माझ्याच यजमानांचं दुखणं तिकडे गेलंय, हे माझ्या मनातही आलं नाही.

शेजारणीने नवऱ्याची अशी सेवा केली की बघत राहावं. घास तोंडात, आंघोळ अंथरुणात, तेल लावून पाय चेपणं सकाळ-संध्याकाळ. मी बघायला जायची तेव्हा ते हसायचे.

"वहिनी, राजा झालोय मी. तुमचे बघा, रोज घाट चढतायत बिचारे."

"तुमचे पाय काटक्या झालेत, भाऊजी."

"झोपून झोपून. आता तर डावी पोटरी पण दुखायला लागली. काम न करता दुखते, कमाल आहे की नाही?"

शेजारीण म्हणाली, "कचेरीत तरी कुठे काम करत होतात?" आणि ती पोटरी चेपायला बसली.

इथपर्यंत आल्यावर यजमान घाटावर पडले.

त्यांना टांग्यात आडवं घालून घरी आणलं. शुद्ध आली होती. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले. डॉक्टरांनी सुई दिली, हलायचं नाही म्हणून सांगितलं आणि तसेच शेजारी गेले. मी त्यांच्यामागून गेले.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ते शेजाऱ्यांना म्हणाले. "वहीतली ओळ चुकली. चूक माझी आहे. आज बसा, उद्या उभे राहा."

मी दारात उभी होते. चूक माझीपण आहे, असं मी म्हणाले नाही. शेजारणीने आनंदाने माझ्या हातावर साखर ठेवली. ती मी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे भिंतीला धरून उभे राहिले. पाय लटपटत होते, लहान मुलासारखं हसत होते. पोटरी सुजलेली होती. तिसऱ्या दिवशी चालत ओसरीपर्यंत आले, आमच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "काय हो, उठताय की नाही?" यजमानांनी आतून हात हलवला. तेवढ्यात शेजाऱ्यांना धाप लागली. छाती धरून ते खाली बसले. डॉक्टर समोरून धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "मी सांगितलं होतं, हृदय खराब आहे. उठवलंत कशाला?" मग आमच्या घरात येऊन त्यांनी यजमानांना तपासलं आणि निकाल दिला. सहा आठवडे पडून राहायचं. बोटसुद्धा हलवायचं नाही.

ते गेल्यावर आमचा डॉक्टर ओसरीवर खोक्यावर बसला. चढायच्या खोक्यावर माणूस बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"वहिनी, हृदय खराब नव्हतं त्यांचं. मी पोटरी बघितली. पडून पडून पायात रक्त गोठलं. उठल्यावर तो गोळा वर गेला. मी रोज पहिलवान बघत होतो, पोस्टमन बघत होतो. चांगल्या माणसाला नुसतं पाडून ठेवलं तर काय होतं, ते बघायचं मला सुचलं नाही. ते भिंतीपलीकडे होतं."

"आमच्या यांचं काय करायचं, ते सांगा."

"मोठे डॉक्टर म्हणतात ते पुस्तकाप्रमाणे आहे. मी म्हणतो ते पुस्तकात अजून नीट आलेलं नाही. यांचं हृदय खरंच दुखावलंय. चार-पाच दिवस पूर्ण विश्रांती. पण पाय हलत राहिले पाहिजेत. मग खाटेच्या कडेला बसवायचं, मग खुर्ची, मग चार पावलं. प्रत्येक वेळी नाडी मोजून. मी चुकलो तर..."

"एकदा चुकलाच आहात," मी म्हणाले. "मीपण."

घरात कुणाला हे पटत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "शेजारचा उठला आणि गेला, हे डोळ्यांनी बघितलंस ना? आता माझ्या मुलाला उठवतेस?" यजमान तर इतके घाबरले होते की पांघरुणाखाली पाऊल हलवायला तयार नव्हते. "मला मोठ्या डॉक्टरांचं ऐकू दे," म्हणाले.

मी म्हणाले, "तुमचं आता कुणी ऐकणार नाही. अंगठा हलवा."

हा निर्णय माझा. धाडस म्हणून केला नाही. भाऊजींची पोटरी मी बघितली होती, आणि पाणी ओढणाऱ्या बायकांची नाडी मी माझ्या बोटांनी मोजली होती. दुसरं कुठलं शिक्षण माझ्याजवळ नव्हतं. यजमान मेले असते तर लोकांनी मला काय म्हटलं असतं, ते मला पूर्ण माहीत होतं.

दर तासाला मी त्यांची पावलं वर-खाली करायला लावायची. सहाव्या दिवशी पाय खाली सोडून बसवलं. नाडी घेतली. ठोका गळला, पण मोजता येईल इतकाच. डॉक्टर म्हणाला, आज एवढं पुरे. दुसऱ्या आठवड्यात खुर्ची. त्यानंतर खुर्चीपासून दारापर्यंत चार पावलं, आणि चार पावलांनंतर पुन्हा बोटं मनगटावर. फुल्या एखाद दिवस वाढायच्या. तेव्हा मी त्यांना निजवायची आणि सासूबाईंकडे बघायची नाही. सासूबाई देवापुढे बसून मला ऐकू जाईल असं बोलत.

नवी वही होती. पहिल्याच दिवशी मी नावाच्या रकान्यात यजमानांचं नाव लिहिलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव, सगळं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, पण अक्षरं मोठी होती.

"काय लिहिलंस?"

"नाव."

"अगं, आयुष्य कमी होतं त्याचं!"

"न लिहून कुणाचं कमी झालं, ते बघितलंत ना?"



शेजाऱ्यांच्या तेराव्यानंतर मी शेजारणीकडे गेले. तिचा भाऊ तिला देवासला न्यायला आला होता, बोचकी बांधून झाली होती. मी तिला सगळं सांगितलं. कोपऱ्यातले तीन दिवस, वरची ओळ, फुल्या, मी न विचारलेला प्रश्न. रडले नाही. रडले असते तर तिलाच माझी समजूत घालावी लागली असती.

तिने बोचक्याची एक गाठ पुन्हा आवळली.

"म्हणजे आमच्या यांनी तुमच्या यांचं दुखणं भोगलं."

"हो."

"आणि मी नाव सांगितलं असतं तर?"

"तर नसतं झालं. किंवा मी लिहिलं असतं तर. मला माहीत होतं नाव."

"मग आता घेते," ती म्हणाली, आणि तिने नवऱ्याचं नाव घेतलं. उखाण्यात नाही, नुसतं. आत बसलेल्या भावाने मान वर केली. "आता कमी व्हायला काय राहिलंय?" असं म्हणून तिने बोचकं उचललं. मी दुसरं उचलायला वाकले, तर म्हणाली, "ठेवा. मी उचलते. माझी नाडी लवकर शांत होते, तुम्हीच लिहिलंय."

तिने मला माफ केलं की नाही ते मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. देवासला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने जेवायला वाढलं आणि या विषयावर बोलली नाही.

आमचा डॉक्टर पुढच्या वर्षी बदलून गेला. खोका आमच्याकडेच राहिला. त्याच्यावर मी लोणच्याच्या बरण्या ठेवायची. जाताना तो म्हणाला की आता पडून असलेल्यांचे पाय मी रोज बघतो. मोठ्या डॉक्टरांशी त्याचं या गोष्टीवरून वाजलं, असं नंतर कानावर आलं.

कचेरीची यादी निघाली. शेजाऱ्यांचं नाव त्यात होतं, ते कुणी खोडलं नव्हतं. यजमानांचं नव्हतं. आम्ही उज्जैनलाच राहिलो. ते रोज सकाळी माधव नगरातून घाटापर्यंत पायी जायचे, वरच्या पायरीवर थांबायचे, खाली उतरायचे नाहीत. परत आले की हात पुढे करायचे आणि मी नाडी मोजायची. ठोका शेवटपर्यंत अधूनमधून गळत राहिला.

शेजारचे चाळिशीच्या आत गेले. यजमान त्यानंतर तेवीस वर्षं जगले.